वेदना, मनःस्थिती आणि थकवा: रोजच्या नोंदींमागचा इतिहास

जुनाट दुखण्याच्या रुग्णाला तपासणीच्या वेळी हमखास विचारले जाते, की गेल्या महिन्याभरात त्रास कसा होता. आणि त्याचे उत्तर द्यावे लागते ते आठवणीच्या भरवशावर. हा भरवसा कितपत खरा, या शंकेतूनच रोजच्या नोंदींची पद्धत पक्की होत गेली.

मनःस्थितीचे तक्ते आधी आले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस उन्माद आणि नैराश्याची आवर्तने वर्षानुवर्षांच्या पटावर मांडली, पण त्या नोंदी डॉक्टरांच्या होत्या. पुढे १९७४ मध्ये ब्रिटिश संधिवाततज्ज्ञ हस्किसन यांनी वेदना मोजण्यासाठी एका साध्या रेषेचा पुरस्कार केला: तिच्या एका टोकाला वेदना मुळीच नाही, दुसऱ्या टोकाला असह्य वेदना, आणि मधली खूण रुग्णाने स्वतः करायची.

मात्र खूण केव्हा केली, याला किती महत्त्व आहे ते नंतर उमगले. डॉक्टर रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ कानमन यांनी १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणी कोणाची ४ मिनिटांत आटोपली, तर कोणाची ६९ मिनिटे चालली. तरीही नंतर आठवणीत उरलेला त्रास या कालावधीवर फारसा अवलंबून नव्हता, तो ठरला वेदनेच्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर.

याहून बोलका प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी जुनाट वेदना असलेल्या ४० जणांना कागदी डायऱ्या दिल्या आणि डायरी कधी उघडली जाते हे टिपणारा प्रकाशसंवेदक तिच्या आवरणात बसवला. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी लिहायचे होते. रुग्णांनी घातलेल्या तारखा-वेळांनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. प्रत्यक्षात तशा होत्या केवळ ११ टक्के. सुमारे एक तृतीयांश दिवशी तर डायरी उघडलीही गेली नव्हती, तरी त्या दिवसांची बहुतेक पाने भरलेली होती. यात रुग्णांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. अंग ठणकत असताना दिवसातून तीन वेळा लिहायला बसणे सोपे नसते. पण मागाहून भरलेले पान ही पुन्हा आठवणच असते, हेही तितकेच खरे.

आभाळ भरून आले की गुडघे दुखतात, हा आपल्याकडचाही जुना अनुभव. याच विषयावर १९९६ मध्ये १८ संधिवातग्रस्तांच्या १५ महिन्यांच्या पाहणीत कोणताही संबंध आढळला नाही. पण मँचेस्टर विद्यापीठाने मोबाईलवरून अडीच हजारांहून अधिक जणांच्या दैनंदिन नोंदी जमवल्या, तेव्हा २०१९ मध्ये दमट हवा, कमी वायुदाब आणि वारा यांच्याशी वेदनेचा माफक, पण खरा संबंध दिसून आला.

मासिक पाळीपूर्वीच्या तीव्र मनोविकारात तर चिडचिड, निरुत्साह, थकवा आणि अंगदुखी हे सारे एकत्र येते. २०१३ च्या अमेरिकन निदाननियमांनुसार या विकाराचे पक्के निदान किमान दोन पाळीचक्रांच्या दैनंदिन नोंदींशिवाय होत नाही. कारण महिनाभर असणारे नैराश्य पाळीच्या तोंडावर केवळ वाढते, की पाळी सुरू झाल्यावर ते खरोखर ओसरते, हे त्या त्या दिवशी लिहून ठेवल्यासच कळते.