पार्श्वभूमी : 'इंदूरला राहतो' आणि सप्तमीचा घोळ

'आम्ही इंदूरला राहतो' हे वाक्य इंदुरातल्या मराठी घरांत रोज ऐकू येतं आणि शाळेच्या व्याकरणापाशी अडतं. स्थळ सांगायचं तर सप्तमी, म्हणजे त, ई, आ; मग 'ला' कसा चालेल? हिंदीच्या सहवासानं मराठी बिघडली, असं यावर काही जण ठामपणे सांगतात. ते चूक आहे. 'सांगलीला असतो', 'पुण्याला राहतो' महाराष्ट्रातही सर्रास चालतं, आणि 'इंदौर को रहता हूँ' असं हिंदीत कुणी म्हणत नाही.

खरा घोळ 'विभक्ती' या शब्दात आहे. संस्कृत व्याकरणात सप्तमी हे रूप आणि अधिकरण, म्हणजे क्रियेचं ठिकाण, हा अर्थ, असे दोन वेगळे कप्पे होते. त्यांची जोडी नेहमीची, पण सक्तीची नाही. 'वस्' धातूमागे 'अधि' आला की राहण्याचं ठिकाण चक्क द्वितीयेत जातं, 'ग्रामम् अधिवसति' (गावात राहतो), आणि त्यासाठी पाणिनीच्या व्याकरणात, अष्टाध्यायीत, सूत्र आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी व्याकरणं छापली जाऊ लागली तेव्हा संस्कृतचा आठ विभक्त्यांचा साचा उचलला गेला. मराठीत द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय जवळपास एकच, तरी कप्पे दोन ठेवले. शाळेपर्यंत येताना रूप आणि अर्थ यांतला फरक मात्र पुसट झाला, आणि 'इंदूरला' बिचारं उगाच अपराधी ठरलं. त्याचं रूप चतुर्थीचं, अर्थ अधिकरणाचा. यात काहीही बिघडलेलं नाही.

जुन्या मराठीत 'गावीं', 'ठायीं' अशी रूपं मुबलक होती. त्यातला अनुस्वार प्राकृत-अपभ्रंशातल्या '-हिं'सारख्या प्रत्ययांची खूण. १९६२ च्या लेखननियमांनी तो लिखाणातून गेला. आज ही 'ई' घरी, माहेरी, सासरी, दारी अशा ठरावीक शब्दांतच टिकून आहे. लॅटिनचंही असंच झालं: स्थळाची जुनी विभक्ती गावांची नावं आणि 'दोमी' (घरी) अशा मोजक्या शब्दांपुरती उरली.

बाकी जागा 'त'नं आणि शब्दयोगी अव्ययांनी घेतली. इंदुरात 'राजवाड्यावर भेटू' म्हणजे राजवाड्यासमोरच्या चौकात. 'राजवाड्यात' म्हटलं तर माणूस आत जाऊन शोधेल. फिनिश भाषा असा फरक थेट विभक्तीनं करते: 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोल्ला' म्हणजे घरापाशी.

अलीकडे इंदुरात 'मध्ये'चा वापर फार वाढला आहे. 'मध्ये' हेच मुळात 'मध्य'चं संस्कृत सप्तमीचं रूप आणि हिंदीतला 'में'ही त्याच कुळातला, त्यामुळे तो परका म्हणता येत नाही. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 'आई घरी आहे' म्हणजे बाहेर गेलेली नाही. 'आई घरात आहे' म्हणजे अंगणात नाही, आत आहे. दोन्हींच्या जागी 'घरामध्ये' आलं की हा फरक बोलण्यातून जातो.