फुलपाखराला नुसती फुलं पुरत नाहीत

बेळगावच्या कडेनं नवीन लेआऊट पडत आहेत आणि तिथल्या बंगल्यांच्या बागा एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. मधे मेक्सिकन लॉन, भोवती सोनेरी दुरांटाची कापून सरळ केलेली रांग, फाटकाशी दोन फॉक्सटेल पाम, कोपऱ्यात गोल छाटलेला फायकस. हल्ली त्यात ‘बटरफ्लाय गार्डन’ची भर पडली आहे. नर्सरीवाला पेंटास आणि रंगीत घाणेरीची रोपं देतो आणि सांगतो की फुलं आली की फुलपाखरं आपोआप येतील. ती येतातही. म्हणूनच हा समज इतका पक्का बसला आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

मोठं झालेलं फुलपाखरू मधाच्या बाबतीत फारसं चोखंदळ नसतं. सोंड पोचेल अशा कुठल्याही फुलातला मध ते पितं, मग ते फूल ब्राझीलचं असो की खानापूरचं. पण हे त्याचं शेवटच्या काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं आयुष्य झालं. त्याआधी ते अळी असतं, अळीला मध नको असतो, पानं हवी असतात, आणि तीही ठरावीक झाडांचीच. नुसत्या फुलांची बाग म्हणजे रस्त्याकडेचं हॉटेल, येणारा चहा घेऊन पुढं जातो, संसार मांडत नाही.

आपल्या जुन्या घरांच्या परड्यात हा संसार न ठरवता मांडला जायचा. कढीपत्त्यावर आणि लिंबावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या अळ्या. तगरीवर मोठ्या हिरव्या पतंगाची अळी. कोरांटीवर पॅन्सी. बहाव्यावर आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्यावर पिवळट-पांढरी एमिग्रंट. विहिरीजवळच्या घोळीवर डॅनेड एगफ्लाय. बांधावरच्या रुईवर प्लेन टायगर, ज्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात. यातली कितीतरी झाडं आता माळी तण म्हणून उपटून टाकतो.

अळीला ठरावीकच झाड का लागतं? मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच भाग, त्यामुळं इथं जरा थांबतो.

झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात रसायनं भरून ठेवतं. कडू, उग्र, चिकट, विषारी. आपण कढीपत्त्याचा वास म्हणतो, तुळशीचा वास म्हणतो, तो त्या झाडाचा बंदोबस्त आहे. प्रत्येक कुळाचा बंदोबस्त वेगळा. एखाद्या कीटकाला त्यातलं एक विष पचवायची युक्ती साधली की त्याला मोकळं रान मिळतं, कारण ते पान बाकीचे कुणी खात नाहीत. मात्र त्या युक्तीतच तो अडकतो. दुसऱ्या कुळाच्या विषावर त्याच्याकडं उतारा नसतो. पॉल एर्लिच आणि पीटर रेव्हन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांची सांगड घालून हा विचार मांडला. झाडं आणि कीटक एकमेकांना घडवत आले आहेत, हे त्यानंतर जीवशास्त्रात रुजलं.

आता रुईकडं बघा. पान मोडलं की पांढरा चीक वाहतो. त्यात कार्डेनोलाइड गटातली विषं असतात. कण्हेर खाऊन गुरं दगावतात ती याच गटातल्या विषानं. हे विष नेमकं काय करतं? प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आवरणात एक प्रथिन बसवलेलं असतं, त्याला सोडियम-पोटॅशियम पंप म्हणतात. एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्च करून तो सोडियमचे तीन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बाहेर ढकलतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. यामुळं पेशीच्या आत-बाहेर विद्युतभाराचा फरक टिकतो, आणि त्या फरकावरच मज्जातंतूंचे संदेश आणि हृदयाचे ठोके चालतात. कार्डेनोलाइड या पंपाच्या बाहेरच्या बाजूच्या खळगीत घट्ट बसतं आणि पंप जाम होतो.

प्लेन टायगरची अळी हीच पानं दिवसभर खाते. खायच्या आधी ती पानाच्या शिरा कुरतडते, म्हणजे चिकाचा जोर कमी होतो. पण खरी गोष्ट तिच्या पंपात आहे. पंपाचा मुख्य भाग सुमारे हजार अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या घटकांची, साखळी असतो. प्लेन टायगरचा अमेरिकन भाऊबंद मोनार्क, त्याच्यात या साखळीतल्या 111, 119 आणि 122 या क्रमांकांच्या जागी वेगळी अमिनो आम्लं आढळतात. ती सगळी त्या खळगीच्या आसपासची. त्यामुळं विषाला तिथं नीट बसताच येत नाही. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जनुक-संपादन करून हे तीन बदल साध्या फळमाशीत घातले. माशी त्या विषाला दाद देईनाशी झाली. हजारातल्या तीन जागा! आणि गंमत पुढं आहे. 122 क्रमांकाचा बदल विषाविरुद्ध सर्वांत जोरदार, पण एकटाच घातला तर माशी जराशा धक्क्यानं लुळी पडायची, कारण पंपाचं रोजचं कामच बिघडायचं. 119 चा बदल सोबत असला की हा दोष बराचसा झाकला जातो. म्हणजे हे बदल कुठल्याही क्रमानं येऊन चालणार नव्हतं. उत्क्रांतीला वाट शोधत, प्रत्येक पायरीवर जिवंत राहत इथवर यावं लागलं.

विष पचवून ही अळी थांबत नाही, ते अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही बाळगते. पक्षी एकदा चाखतो आणि पुन्हा त्या केशरी-काळ्या रंगाच्या वाटेला जात नाही. याचा फायदा उठवते ती डॅनेड एगफ्लायची मादी. तिच्यात विष नाही, पण पंख थेट प्लेन टायगरसारखे. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. रुई आणि घोळ, दोन्ही बागेतून काढल्या जाणाऱ्या वनस्पती, आणि त्यांच्यामधे एवढं मोठं नाटक चाललेलं असतं.

अंडी घालायला योग्य पान मादी कसं ओळखते, तेही ऐकण्यासारखं आहे. ती पायानं चव घेते. पानावर बसून पुढच्या पायांनी ठकठक करते, पायावरचे संवेदी केस पानातलं रसायन टिपतात. जपानमध्ये लिंबाच्या कुळावर वाढणाऱ्या एका स्वॉलोटेल फुलपाखरावर 2011 मध्ये प्रयोग झाला. लिंबाच्या पानात सिनेफ्रिन नावाचं रसायन असतं. मादीच्या पुढच्या पायात ते ओळखणारं एक ग्राही प्रथिन सापडलं. त्याचं जनुक दाबून टाकल्यावर सिनेफ्रिन ओळखणं आणि अंडी घालणं, दोन्ही मंदावलं. आपला कॉमन मॉरमॉन आणि महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेला ब्लू मॉरमॉन त्याच प्रजातीगटातले.

दुरांटा, पेंटास, घाणेरी यांच्या पानांची भाषा इथल्या पायांना कळत नाही, एवढं साधं ते कारण आहे. या झाडांना इथं येऊन फार तर दोनेकशे वर्षं झाली. वर सांगितलेल्या बदलांना लागणारा काळ लाखो वर्षांचा.

याचा अर्थ परदेशी ते सगळं टाकाऊ, असा मुळीच नाही. सीताफळ अमेरिकेतून आलं, पण ‘टेल्ड जे’ या फुलपाखराची अळी त्यावर सुखानं वाढते, कारण तिच्या नेहमीच्या आसुपालवाचं आणि सीताफळाचं कूळ एक, रसायनं मिळतीजुळती. काही शोभेच्या पामांवरही नारळावरच्या पामफ्लाय फुलपाखराची अळी वाढते. अळी पानाचं रसायन बघते, त्याचा देश बघत नाही. पण असं साम्य कधी घातही करतं. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या माद्या बागेतल्या दक्षिण अमेरिकन अ‍ॅरिस्टोलोकिया वेलीवर फसून अंडी घालतात आणि अळ्या मरतात. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग याच घराण्यातलं. त्याची अळी सापसंदासारख्या इथल्या अ‍ॅरिस्टोलोकियावर वाढते. त्या वेलीच्या शोभेच्या परदेशी जाती हौसेनं लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अळ्यांचा विषय निघाला की लोक विचारतात, पानं खाऊन टाकणारे किडे बागेत हवेत कशाला? शिंपी, दयाळ, नाचरा हे पक्षी पिलांना काय भरवतात ते एकदा निरखून बघा. चोचीत बहुतेक वेळा अळी नाही तर किडा असतो. वॉशिंग्टन परिसरातल्या घरगुती बागांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या चिकडी या छोट्या पक्ष्याची संख्या टिकायला बागेतली सुमारे 70 टक्के हिरवाई स्थानिक झाडांची असावी लागते, असं त्यात दिसलं. हा आकडा तिथला आहे, बेळगावला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. कार्यकारणभाव मात्र तोच.

रुईबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पांढऱ्या रुईच्या मुळात ठरावीक वर्षांनी गणपती तयार होतो असं सांगून मुळांचे तुकडे महागात विकले जातात. ते कोरलेलं लाकूड असतं. मुळाला सोंडेसारखा बाक येणं ही वाढीची साधी गोष्ट आहे. त्या नादात झाड मुळासकट उपटलं जातं, आणि त्याच वेळी ‘लकी बांबू’ नावानं आफ्रिकेतली ड्रॅसिना, जी बांबूही नाही, दिवाणखान्यात ठेवली जाते. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणाऱ्यानं दारात एक रुई वाढवली तर ती श्रद्धा झाडाच्याही उपयोगी पडेल.

बांडगुळाचंही असंच. आंब्यावर ते फार झालं तर काढलंच पाहिजे, ते झाडाचा रस शोषतं. पण हळदीकुंकू नावाचं ते देखणं पिवळं-लाल फुलपाखरू बांडगुळावरच वाढतं, त्याच्या फुलांवर शिंजीर येतात आणि फळं फुलटोच्या खातो. सगळं साफ न करता जून, दणकट झाडावरची एखादी फांदी राहू द्यावी.

लॉनचा हिशेब कोरडा आहे, तो झटकन सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलमध्ये लॉनला रोज पाच मिलिमीटर धरले तर हजार चौरस फुटांना साडेचारशे लिटरच्या वर पाणी लागतं. ते शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी आहे. गवत वाईट नाही. न कापलेल्या गवतावर इव्हनिंग ब्राउन हे फुलपाखरू वाढतं. एक कोपरा हरळीला आणि रानगवताला मोकळा सोडला तरी पुष्कळ झालं.

स्थानिक म्हणजे कुठलं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. कणकुंबीला वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर अथणीला जेमतेम पाच-सहाशे. खानापूर, जांबोटीच्या तांबड्या मातीत अंजनी, कुडा, करवंद, कारवी, कुसर शोभतील. अथणी, रायबागच्या बाजूला तरवड, हिवर, बोर. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे, इथं बहावा, कोरांटी, धायटी, निर्गुडी, अनंतमूळ, मुरुडशेंग सहज येतात. आपल्या गावापासून पाच-दहा किलोमीटरवरच्या बांधावर, देवराईच्या कडेला काय उगवतं ते बघून तेच लावावं. झाडं तिथून उपटून आणू नयेत. बी गोळा करावं, फांदी रुजत असेल तर फांदी आणावी, आणि मृगाच्या पावसावर लावावी.

दुरांटा आहे तो एकदम काढायची गरज नाही. एका बाजूची रांग काढून तिथं कोरांटी आणि करवंद मिसळून लावली की दोनेक वर्षांत तिचं कुंपण होतं. पेंटास राहू दे, मध त्यातही आहे. घाणेरी मात्र लावू नये. शोभेसाठीच ती भारतात आणली गेली आणि आज आपल्या जंगलांत शिरून बसली आहे. कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या तर फवारणी टाळावी, पक्षी आणि गांधीलमाश्या बहुतेक अळ्या उचलतात, आणि झाड पाऊस पडला की पुन्हा फुटतं. रुई लावताना ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर, कुंपणाशी लावावी. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, तेव्हा छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे घालावेत.