एकाच प्रश्नात तीन-चार आकडे भरून घ्यायचे असतील तर

ऑनलाइन टेस्ट बनवून घ्यायला येणारे बरेच जण आपले जुने पेपर तसेच पाठवतात आणि सांगतात, शेवटचं उत्तर टाकायला एक बॉक्स द्या, बास. तसं करता येतं. पण गणित तीन पायऱ्यांचं आणि बॉक्स एकच असेल तर पोरगं नेमकं कुठे अडकलं हे ना तुम्हाला कळत ना त्याला, म्हणून आम्ही पायरीगणिक बॉक्स ठेवा म्हणतो, आणि त्यात काय काय बघावं लागतं ते इथे लिहिलंय.

नर्सिंगचं सलाइनचं गणित घ्या. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, सलाइनच्या नळीचा सेट १५ थेंबांना १ मिलीचा. पहिला बॉक्स, तासाला किती मिली? १२५. दुसरा, मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले १५ भागिले २४० मिनिटं, म्हणजे ३१.२५. आता ड्रिप चेंबरमध्ये पाव थेंब काही मोजता येत नाही, त्यामुळे एक मुलगी ३१ टाकणार, दुसरी कॅलक्युलेटरवर आलेलं ३१.२५ टाकणार, आणि दोघीही बरोबर आहेत, पण सिस्टीमला हे आपणहून कळत नाही, तिला ३१ आणि मागेपुढे ०.५ चालेल असं सांगून ठेवावं लागतं. पहिल्या बॉक्सला मात्र १२५ म्हणजे १२५च. प्रत्येक बॉक्सची सूट वेगळी, आणि ती किती हे शिकवणाऱ्यानेच ठरवायचं. आम्ही अंदाजाने टाकत नाही, औषधाच्या डोसमध्ये तर अजिबात नाही.

आता कशात बनवायचं. मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा चालवायची सिस्टीम, वापरत असाल तर त्यात क्लोझ नावाचा प्रश्नप्रकार आहे, वाक्यात मध्येच हवे तितके बॉक्स बसवता येतात, प्रत्येकाला वेगळे मार्क, वेगळी सूट, आणि उत्तर अगदी जवळ असेल तर पूर्ण, जरा लांब असेल तर निम्मे मार्क असंही लावता येतं. स्टोरीलाइन हे स्लाइडवर ऑनलाइन धडे बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात तयार मिळणाऱ्या न्यूमेरिक प्रश्नात बॉक्स एकच असतो, जास्त हवे असतील तर आम्ही स्लाइडवर वेगळे बॉक्स टाकून प्रत्येकाला व्हेरिएबल, म्हणजे टाकलेला आकडा साठवणारी जागा, जोडतो आणि सबमिट दाबल्यावर सगळे तपासणाऱ्या सूचना, म्हणजे ट्रिगर, लिहितो. याला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याचा खर्चही वेगळा सांगतो.

यात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे पहिली चूक पुढे ओढली जाण्याचा. अकाउंट्सच्या क्लासचं उदाहरण बघा: १५,००० चा माल, २० टक्के डिस्काउंट, विक्री राज्यातल्या राज्यात, जीएसटी १८ टक्के. चार बॉक्स, डिस्काउंटनंतरची किंमत १२,०००, सीजीएसटी (केंद्राचा निम्मा जीएसटी) १,०८०, एसजीएसटी (राज्याचा निम्मा) १,०८०, एकूण १४,१६०. एखाद्याने डिस्काउंट १० टक्के धरला तर त्याचे आकडे येतात १३,५००, १,२१५, १,२१५ आणि १५,९३०. चूक एकच केली, पुढचा सगळा हिशोब चोख आहे, वहीत तपासणारे सर त्याला तीन पायऱ्यांचे मार्क देतील, पण क्लोझ प्रत्येक बॉक्स आपापला तपासतो, त्यामुळे ह्या मुलाला चारपैकी शून्य. आम्हाला हे पटत नाही. स्टोरीलाइनमध्ये मुलाने स्वतः टाकलेल्या आकड्यावरून पुढचं उत्तर काढून तपासता येतं, मूडलमध्ये त्यासाठी स्टॅक किंवा फॉर्म्युलाज हे प्लगइन, म्हणजे वरून बसवायचे जोड-प्रोग्राम, लागतात, ते तुमच्या सर्व्हरवर चालतील का ते आधी विचारून घ्या.

मोबाइलवर टेस्ट देणारी मुलं असतील तर आणखी एक. मराठी कीबोर्ड चालू असला की आकडे कधीकधी देवनागरीत उमटतात आणि ब्राउझरमधली साधी तपासणी त्यांना आकडा मानतच नाही. मागे आमच्या एका टेस्टमध्ये असंच झालं, मुलीचं उत्तर स्क्रीनवर अगदी बरोबर दिसत होतं आणि निकाल चूक, ती रडवेली होऊन सरांकडे गेली तेव्हा आम्हाला कळलं. तेव्हापासून जिथे तपासणी आम्ही लिहितो तिथे मराठी आकडे आधी बदलून घेतो. तसंच स्वल्पविरामाचं, काही ठिकाणी वाचणं तिथेच थांबतं आणि १४,१६० चे नुसते १४ उरतात. रिकामा बॉक्स कधीकधी शून्य धरला जातो, मग ज्याचं उत्तरच शून्य आहे तिथे काही न लिहिता मार्क मिळतात, म्हणून रिकामं ठेवलं की सबमिट होऊ देत नाही. एककं, म्हणजे मिली, रुपये वगैरे, बॉक्सच्या बाहेर आम्हीच छापतो, मुलांना टाकायला लावू नका.

तर प्रश्न पाठवताना प्रत्येक बॉक्सचं उत्तर, किती मागेपुढे चालेल, मार्क किती, आणि आधीची चूक पुढे माफ करायची की नाही, एवढं लिहून पाठवा, वहीच्या पानाचा फोटो असला तरी चालेल. टेस्ट चालू करायच्या आधी आम्ही ट्रायलची लिंक देतो, त्यात बरोबर उत्तरं टाकून बघालच, पण तुमच्या मुलांच्या नेहमीच्या चुका मुद्दाम टाकून बघा आणि त्यांना किती मार्क पडतात ते कळवा, तिथूनच दुरुस्ती सुरू करतो.