पत्रा की पाणी? सिंहाच्या दोन अंगठ्या

चवथीला मालवणच्या घरी सगळे जमलो की आत्या तिची पितळी डबी उघडून बसते. यंदा डबीतून दोन अंगठ्या निघाल्या, दोन्हींवर सिंहाचं तोंड. एक आजोबांची. ते बोटीवर कामाला होते, तिकडूनच कुठल्यातरी बंदरातून त्यांनी ती आणली. दुसरी काकांनी ऐंशीच्या दशकात मुंबईत घेतलेली. भिंगाखाली धरल्यावर आजोबांच्या अंगठीच्या आत बारीक अक्षरं दिसली : १/२०, १२ के, जी एफ. काकांच्या अंगठीत : १८ के, एच जी ई.

आत्या लगेच म्हणाली, "अठरा बारापेक्षा जास्त, मगे हीच चांगली नाय काय गो?"

नाही. आणि हा घोटाळा इतक्या घरांत होतो की नीट उलगडून सांगायलाच हवा.

जी एफ म्हणजे गोल्ड फिल्ड. नाव ऐकून वाटतं की आत सोनं भरलंय. खरं तर सोनं बाहेर असतं आणि आत पितळ. आपल्या बोरमाळेचा लाख भरलेला मणी आठवा : वर सोन्याचा पत्रा, पोटात लाख. इथे लाखेच्या जागी पितळ आहे आणि पत्रा त्यावर उष्णता व दाब देऊन कायमचा बसवलेला आहे. आधी असा जोडपत्रा तयार करायचा, मग साच्यात दाबून त्यातून सिंहाचं तोंड उठवायचं. १/२० हा आकडा वजनाचा. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे एकूण वजनाचा किमान विसावा भाग सोन्याचा पत्रा असेल तरच साधारणपणे 'गोल्ड फिल्ड' म्हणता येतं. म्हणजे अंगठी सहा ग्रॅमची धरली तर पत्रा ३०० मिलिग्रॅम. 'के' म्हणजे कॅरेट. शुद्ध सोनं २४ कॅरेटचं, तेव्हा हा १२ कॅरेटचा पत्रा निम्मा शुद्ध : १५० मिलिग्रॅम सोनं.

एच जी ई म्हणजे हेवी गोल्ड इलेक्ट्रोप्लेट, आपल्या भाषेत सोन्याचं पाणी, जरा जाड दिलेलं. घडवलेली अंगठी सोन्याच्या द्रावणात बुडवायची आणि वीज सोडायची. ही रीत १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी पेटंट घेऊन धंद्यात आणली. 'हेवी' म्हटलं तरी थर सुमारे अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गोल्ड फिल्डचा पत्रा त्याच्या साधारण दहापट तरी जाड असतो. तेव्हा 'अठरा' हा आकडा फक्त त्या पापुद्र्याचा कस सांगतो, पापुद्रा केवढा आहे ते सांगत नाही. आजकाल 'वन ग्रॅम' म्हणून जे दागिने मिळतात तेही पाणी दिलेलेच. नावावरून आत एक ग्रॅम सोनं आहे असं धरू नका.

डोळाही इथे फसवतो. आपल्याला बावीस कॅरेटच्या गडद पिवळ्याची सवय. १२ कॅरेटचा पत्रा त्यापुढे फिकट दिसतो, म्हणून आजोबांची अंगठी आमच्याकडे कित्येक वर्षं 'खोटी' समजली गेली, आणि काकांची झगझगीत म्हणून कपाटात जपली गेली. तळहातावर घेऊन वजनावरून ओळखायचं म्हटलं तर तेही जमत नाही, दोन्हींच्या पोटात पितळच. कसोटीच्या दगडावर हलकं घासलं तर जी एफची रेघ सोन्यासारखीच उमटते, कारण वरचं सोनं खरंच असतं. तेवढ्यावरून 'सगळी सोन्याची' म्हणून कुणी विकायला आलं तर थांबा. कानस मारून तेजाब टाकलं की पितळ हिरवं बोलतं, पण जुन्या वस्तूला अशी जखम मी कुणाला करू देणार नाही.

त्यापेक्षा सिंहाकडे बघा. प्राण्याचं तोंड असलेल्या अंगठीत झिजायला उंचवटे भरपूर असतात : नाक, भुवया, आयाळीच्या कडा. काकांच्या सिंहाचं नाक तांबूस-करडं झालंय, पण आयाळीच्या खाचांत पिवळं अजून ताजं आहे. सोन्याचं पाणी खाचांतही शिरतं आणि उंचवट्यावरून आधी जातं, त्याची ही खूण. आजोबांच्या सिंहाचं नाक झिजून गुळगुळीत झालंय, डोळ्याची रेषही पुसट आहे, तरी रंग तोच. पितळ दिसतं ते फक्त खाली, तळव्याच्या बाजूला, जिथे अंगठीची कडी दोरखंडाला आणि भांड्याला घासली असेल. तिथे एक बारीक हिरवट रेघ आहे.

ती हिरवट रेघ म्हणजे खारी हवा आणि घाम यांनी पितळातल्या तांब्यावर आणलेला गंज. किनाऱ्यावर हे लवकर होतं. म्हणून समई-तांब्यांसारखी ही अंगठी चिंच, कोकम नाहीतर राख लावून कधीच घासू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड, आणि पूर्ण सुकवून डबीत. आजोबांच्या कफलिंकची जोडी आम्ही एकदा एका सोनाराकडे चमकवायला दिली होती. त्याने बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरली आणि कडेचा पत्राच उडाला. तो परत आणता येत नाही. वर पाणी चढवून मिळेल, पण मग ती जी एफ उरत नाही. माप वाढवायला कडी कापायची झाली तरी तेच : कापल्या जागी पितळ उघडं पडतं.

दोन्ही शिक्क्यांचा आपल्या हॉलमार्कशी काही संबंध नाही. ९१६ म्हणजे अख्खी धातूच बावीस कॅरेटची. त्यामुळे सोन्याच्या भावाने विकायला दोन्ही अंगठ्या निरुपयोगी, हे मी आत्याला आधीच सांगून टाकलं.

तिने काकांची अंगठी पुतण्याला खेळायला दिली. आजोबांची सुती चिंधीत गुंडाळून पुन्हा डबीत ठेवली, आणि चिंधीवर पेनाने लिहिलं : घासू नये.