सात मिनिटांत चार गोल: ब्राझीलच्या फळ्या कुठे तुटल्या?

८ जुलै २०१४, बेलो होरिझोन्ते. विश्वचषकाचा उपांत्य सामना: जर्मनी ७, ब्राझील १. ‘ब्राझीलचा हुकमी खेळाडू नेमार नाही म्हणून पोरं खचली’ हे कारण आजही ऐकू येतं. खचली असतीलच, पण खचल्यावर मैदानावर काय बिघडतं, हे त्यातून कळत नाही.

आधी हिशेब. जर्मनी सामन्यात सरासरी २ गोल करते असं धरलं, तर २३ ते २९ या सात मिनिटांत ४ गोल होण्याची शक्यता प्वासाँच्या (सुट्या घटना ठरावीक वेळात किती वेळा घडतील याच्या) सूत्रानुसार लाखात दोन येते. ही सात मिनिटं आपण मागाहून निवडली, म्हणून ती शक्यता वीसपट केली तरी अडीच हजारांत एक. म्हणजे हे सुटे चार गोल नव्हेत. एकाने दुसऱ्याला वाट करून दिली.

ती वाट फळ्यांमधल्या अंतराची. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात १० मीटर असतील, तर मधे उभ्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत दोन्हीकडून ५ मीटर. सेकंदाला ७ मीटर धावणारा बचावपटू ०.७ सेकंदात पोचतो. सेकंदाला १५ मीटर जाणारा पास १० मीटरवरून तेवढ्याच वेळात येतो, म्हणून चेंडू आणि बचावपटू एकदमच येऊन भिडतात. हेच अंतर २० मीटर झालं की बचावपटूला १.४ सेकंद लागतात. उरलेले ०.७ सेकंद वळायला, मान वर करून पाहायला आणि पुढचा पास द्यायला भरपूर झाले.

११व्या मिनिटाला म्युलरचा गोल झाला आणि बरोबरी साधायला ब्राझीलचे बचावपटू डेव्हिड लुईझ, मार्सेलो पुढे धावू लागले. एकेकट्याचा निर्णय पटण्यासारखा. सगळ्यांनी एकदम घेतला की मागे मोकळं रान. त्यात ताणाखाली नजर चेंडूला चिकटते, खांद्यावरून मागे पाहणं थांबतं. २६व्या मिनिटाला तेच झालं. तिसऱ्या गोलनंतर खेळ सुरू होतो न होतो तोच जर्मनीच्या क्रूसने ब्राझीलच्या फर्नांडिन्योच्या पायातला चेंडू काढला, जोडीदार खेदिराला दिला, परत घेतला, गोल!

पराभवाचं खापर प्रेक्षकांत बसलेल्या रॉक गायक मिक जॅगरवरही फुटलं. ब्राझीलमध्ये अशा अपशकुनी मानलेल्या माणसाला ‘थंड पायाचा’ म्हणतात, आपल्याकडे पांढऱ्या पायाचा. दोन्ही समजुती सारख्याच खोट्या, आणि माणसाला विनाकारण दुखावणाऱ्या.

फळ्या अशा तुटू लागल्या की उपाय एकच: पाच मिनिटं गोलचा विचार सोडायचा, बगलेच्या बचावपटूंनी मध्यरेषा ओलांडायची नाही, दोन मिडफिल्डरनी सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढे १० मीटरच्या आत राहायचं. फुटबॉलमध्ये टाइम-आउट नसतो, त्यामुळे हे मैदानातूनच कोणीतरी ओरडून सांगावं लागतं. नेहमीचा कर्णधार थियागो सिल्वा पिवळ्या कार्डांमुळे बाहेर होता. मध्यंतराला हल्क आणि फर्नांडिन्यो यांच्या जागी रामिरेस आणि पाउलिन्यो हे दोन मिडफिल्डर आले. त्यानंतरचा जर्मनीचा गोल थेट ६९व्या मिनिटाला झाला.