गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन: पुण्यात योजनेतून उपचार कसे मिळवायचे?

पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारा: गाठ मोठ्या आतड्यात आहे की गुदाशयात (आतड्याच्या शेवटच्या भागात)? रेडिएशन मुख्यतः गुदाशयाच्या कॅन्सरला देतात. त्याच्या दोन रुळलेल्या पद्धती आहेत: पाच दिवसांत 25 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), किंवा पाच-साडेपाच आठवडे रोज थोडा डोस आणि जोडीला कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्या. काहींची गाठ उपचारानंतर पूर्ण नाहीशी होते; मग ऑपरेशन न करता नियमित तपासणीवर ठेवता येतं. गुदमार्गातून नळी घालून थेट गाठीवर एक्स-रे देण्याची पद्धतही आहे, पण ती लहान गाठींसाठी, आणि ते यंत्र फार थोड्या ठिकाणी असतं. व्हॉट्सअॅपवर वाचलेल्या उपचारासाठी अर्ज करता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचारच योजनेच्या मंजुरीला जातो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. वेगळ्या सरकारी कचेरीत जायचं नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो, तोच कागद ऑनलाइन चढवतो. पण योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात रेडिएशनचं मशीन असेलच असं नाही, त्यामुळे निघण्याआधी 155388 वर चौकशी करा.

सोबत रेशनकार्ड, रुग्णाचं आधारकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, एमआरआय-सीटीचे रिपोर्ट आणि रेडिएशन डॉक्टरांची चिठ्ठी न्या. रेशनकार्डावर रुग्णाचं नाव हवंच. सून किंवा नुकतीच गावाहून आलेली आई असेल, तर काम बहुतेक वेळा इथेच अडतं. बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहताना परिमंडळ कार्यालयात (रेशनकार्डाच्या कचेरीत) नाव चढवायचं काम उरकून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: मंजुरी येण्याआधी पैसे भरून उपचार सुरू करू नका. योजना कॅशलेस आहे, नंतर बिलं दाखवून पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. काउंटरवर 'आधी भरा, मग बघू' म्हणाले, तर थेट आरोग्यमित्राला गाठा.

योजनेत बसत नसाल तर धर्मादाय रुग्णालयांचा पर्याय आहे. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असेल तर निर्धन म्हणून मोफत, 3 लाख 60 हजारांच्या आत असेल तर सवलतीत उपचार. दोन्हींसाठी 10-10 टक्के खाटा राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा. रेडिएशन बहुतेकदा दाखल न होता घेतलं जातं, तेव्हा सवलत त्यालाही लागू होईल का, हे तिथेच लेखी विचारून घ्या.