तळपायांची आग : वाटी चोळण्याआधी हे वाचा

आमच्याकडे काशाची वाटी आणि कोकमतेल न्यायला येणारे बरेचजण दारातूनच सांगायला लागतात. रात्री अंथरुणावर पडलं की तळपाय नुसते पेटतात, चादरीबाहेर काढून गार लादीवर टेकवावे लागतात. कुणाचे हातही गरम असतात. आपल्याकडे यावर एकच निदान : 'उष्णता झाली'. वाटी विकण्यात आमचा फायदा आहे. तरी हे पत्रक खोक्यात घालतोय, कारण प्रत्येक आग वाटीने जाणारी नसते.

वाटी काळी का पडते

'वाटी काळी पडली, म्हंजे हीट भायर इली मां?' हे आम्हाला सारखं विचारलं जातं. नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ भागांना २२ भाग. तेलातली आणि घामातली आम्लं धातूवर क्रिया करतात, घासण्याने त्याचा बारीक अंश सुटतो, तोच काळा दिसतो. ज्याला काहीच त्रास नाही त्याच्या पायावर चोळा, तिथेही काळं येईल. आराम मात्र खरा असतो. तो चोळण्याचा, तेलाचा आणि दहा मिनिटं स्वस्थ बसण्याचा. आम्ही तेवढंच आश्वासन देतो.

आधी घरातल्या कुणाला तरी हात लावायला सांगा

तुम्हाला पाय पेटल्यासारखे वाटतात, पण दुसऱ्याने हाताची मागची बाजू लावून पाहिली तर ते खरंच गरम लागतात का? पुढचं सगळं यावर ठरतं.

पाय बाहेरून गारच, आग मात्र आत, असं असेल तर संशय नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर घ्यायचा. बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढणारी, रात्री वाढणारी, मुंग्या येणारी आग ही बऱ्याचदा मधुमेहाची असते. आपल्याला 'शुगर' आहे हे कित्येकांना पायांमुळेच कळतं. उपाशीपोटी साखर १२६ (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा जास्त, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात. डॉक्टर बहुधा तपासणी पुन्हा करून खात्री करतात. आणि 'उष्णता' म्हणून रोज दोन ग्लास गोड कोकम सरबत पिणाऱ्यांनी तर ही तपासणी आधी करावी. सरबत आम्हालाही आवडतं, पण त्यात साखर किती असते ते आम्हाला ठाऊक आहे.

दुसरं कारण बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं. बांगडा, तारली, तिसऱ्या खाणाऱ्या घरात ते सहसा कमी पडत नाही, आणि एक श्रावण पाळल्याने तर मुळीच नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. पण जे कायमचे शाकाहारी आहेत, जे वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेतात, त्यांच्यात कमतरता दिसते. मेटफॉर्मिन घेणारा मासे खात असला तरीही. रक्त तपासण्याआधी बी-१२ची इंजेक्शनं घेऊ नका, आकडा फसवा येतो. नसांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ भरपूर असतं, आणि ते जास्त प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात. टीबीच्या औषधातल्या आयसोनियाझिडने उलट बी-६ कमी होतं आणि पायांची आग होते. अशा वेळी औषध मनाने थांबवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. रोजची दारू हेही एक कारण. ते कुणी स्वतःहून सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

ही तक्रार जुनी आहे. १८२६ साली ग्रिअर्सन या डॉक्टरने तिची नोंद केली, १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी भारतातल्या कुपोषित रुग्णांवर सविस्तर लिहिलं. वैद्यकात आजही ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. पोटात काय जातं त्याचा पायांशी संबंध आहे, हे गोपालन यांच्या कामातून दिसलं.

दोन्ही पाय खरंच गरम असतील तर

मग नेहमीच काळजीचं नसतं. झोपेच्या वेळी शरीर तळहात-तळपायांकडे रक्त वळवून आतली उष्णता बाहेर टाकतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून मे महिन्यात हे जास्त जाणवतं. गरोदरपणात आणि पाळी जाण्याच्या वयातही होतं. अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजून गरम लागू शकतात. मात्र तळहात ओलसर-गरम, हातांना कंप, छातीत धडधड, भूक असून वजन उतरतंय, असं असेल तर थायरॉइड तपासा.

क्वचित काहींचे पाय अधूनमधून लालबुंद होऊन भाजल्यासारखे दुखतात आणि गार केल्यावरच थांबतात. हा वेगळा आजार आहे. अशांनी बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसू नये, कातडी सडते. पंखा लावा, पाय उंच ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

एकच पाय गरम असेल तर वाटी बाजूला ठेवा

एक पाय गरम, लाल, सुजलेला आणि दुसरा नेहमीसारखा, याचा अर्थ जंतुसंसर्ग, शिरेत रक्ताची गुठळी, गाऊट (युरिक ॲसिडने होणारी सांध्याची सूज) यांपैकी काहीही असू शकतो. अशा पायावर चोळणं धोक्याचं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेही माणसाचा एक पाय गरम आणि सुजलेला, पण दुखत फारसा नाही, हे तर सर्वांत फसवं. आतली हाडं ढासळत असू शकतात. त्यावर चालत राहिलं तर पायाचा आकारच बदलतो.

हातांची आग

काजू फोडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. टरफलातलं तेल कातडी जाळतं, हातमोजे घाला. मिरची कांडल्यावर नुसत्या पाण्याने आग जात नाही, आधी तेल चोळून मग साबण लावा. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात आग आणि खाज असेल तर त्या चिखल्या. तिथे तेल लावू नका, ती जागा कोरडी ठेवा आणि बुरशीवरचं मलम लावा.

कोकमतेल वापरताना

कुणी याला मुठेल म्हणतं, कुणी भिरंडेल. रातांब्याच्या बियांचं हे तेल एरवी घट्ट असतं, साधारण ४० अंशांना वितळतं, म्हणून ते तळव्यावर घासलं की मऊ होतं. चुलीवर कढत करून लावू नका. ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांना चटका कळत नाही. जाणीव आहे की नाही ते घरीच बघता येतं : डोळे मिटून बसा, दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच बोट टेकवावं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर उन्हात अनवाणी फिरू नका.

चोळून झालं की पाय पुसा. तेलकट पायांनी ओल्या लादीवर जाऊ नका. वाटी आमसुलाने किंवा चिंचेने घासली की पुन्हा लख्ख होते.